पी१० बोर्डवर अक्षरं विस्कटतात? पॅनेल बदलण्याआधी बफर तपासा

दुकानाच्या पाटीसाठी पी१० पॅनेल, म्हणजे दर १० मिलिमीटरला एक ठिपका असलेले एलईडी पॅनेल, जोडले. दोन पॅनेलवर नाव झकास उमटलं. तिसरं लावलं आणि गडबड सुरू झाली. कधी सगळा मजकूर एका खांबाने (ठिपक्यांच्या एका उभ्या रांगेने) सरकतो, कधी एकाआड एक ओळ काळी पडते, कधी नुसताच ठिपक्यांचा कचरा दिसतो. केबलला बोट लावलं की ठीक, काढलं की पुन्हा तेच. ईएसपी३२ किंवा ईएसपी८२६६ या कंट्रोलरवर बोर्ड बनवणाऱ्यांची ही तक्रार इतकी नेहमीची आहे की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं.

सहसा होतं असं की आधी पॅनेल बदलतात, मग लायब्ररी बदलतात, मग नवा एसएमपीएस (५ व्होल्टचा सप्लाय) येतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. पॅनेलवरचे एलईडी आणि शिफ्ट रजिस्टर बहुतेक वेळा ठणठणीत असतात. घोटाळा असतो तो सिग्नल आत घेणाऱ्या आणि पुढे ढकलणाऱ्या २४५ नंबरच्या बफरपाशी. त्यातही बफर स्वतः मेलेला क्वचितच असतो. त्याला जे मिळतं तेच मुळात अर्धवट असतं.

पॅनेलच्या आत काय चालतं

एकरंगी पी१० पॅनेल म्हणजे ३२ बाय १६ ठिपके, एकूण ५१२ एलईडी. एका वेळी यातला चौथा हिस्सा पेटतो, म्हणजे १२८ ठिपके. त्यासाठी ७४एचसी५९५ जातीचे १६ शिफ्ट रजिस्टर साखळीत बसवलेले असतात. कोणता चौथा हिस्सा पेटवायचा हे ए आणि बी या दोन तारांवरून ठरतं. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला डेटा एक घर पुढे सरकतो, लॅचच्या ठोक्याला तो बाहेर दिसतो आणि ओई ही तार उजेड चालू-बंद करते. म्हणजे सिग्नल मोजून सहा: ए, बी, क्लॉक, लॅच, ओई आणि डेटा.

हे सहा सिग्नल पॅनेलमध्ये शिरतात तिथे ७४एचसी२४५ असतो, काही पॅनेलवर एक, बऱ्याचवर दोन. तो सिग्नल ताजा करून आतल्या १६ आयसींना देतो आणि शेजारच्या पॅनेलकडेही पाठवतो. म्हणून दहा-बारा पॅनेलची माळ चालू शकते. कंट्रोलरच्या एका पिनने एवढ्या सगळ्या आयसींचा भार थेट उचलला नसता.

यातून एक कामाची गोष्ट कळते. कंट्रोलरचा ३.३ व्होल्टचा सिग्नल फक्त पहिल्या पॅनेलच्या बफरला दिसतो. दुसऱ्या पॅनेलला पहिल्या बफरमधून पूर्ण ५ व्होल्टचा सिग्नल जातो. त्यामुळे आधी एवढंच पाहा की बिघाड केबलच्या कंट्रोलरकडच्या टोकापासून मोजत कितव्या पॅनेलपासून सुरू होतो. पहिल्यापासूनच कचरा असेल तर सिग्नलच्या व्होल्टेजच्या पातळीचा संशय घ्यायचा. पहिलं स्वच्छ आणि पुढचं बिघडलेलं असेल तर ग्राउंड, केबल, क्लॉकची कड (सिग्नल ० वरून १ वर चढतो तो क्षण), किंवा त्या विशिष्ट पॅनेलचा बफर. कचरा कुठून सुरू झाला हे न सांगता ‘बोर्ड चालत नाही’ म्हणणाऱ्याला कुणीही मदत करू शकत नाही.

दुसरी चाचणी फुकटची आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या पॅनेलची अदलाबदल करा. दोष पॅनेलबरोबर गेला तर पॅनेलमध्ये, जागेवरच राहिला तर वायरिंगमध्ये. हे करताना सप्लाय बंद ठेवा. एफआरसी केबल (सिग्नलची चपटी पट्टी) चालू बोर्डवर काढायची-घालायची सवय कशी महागात पडते ते पुढे येईलच.

आधी ग्राउंड, मग बाकी सगळं

माझा क्रम ठरलेला आहे. ऑसिलोस्कोप लागणारच असला तरी तो नंतर. आधी साधा मल्टिमीटर.

सगळे एलईडी पेटतील असा मजकूर लावा, उजेड पूर्ण ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर घ्या. काळी टोचणी कंट्रोलरच्या ग्राउंड पिनवर, लाल टोचणी शेवटच्या पॅनेलच्या ग्राउंड स्क्रूवर. दोन्ही ‘ग्राउंड’च, तेव्हा शून्य यायला हवं. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर पुढे जा. ०.३ किंवा ०.४ दिसत असेल तर बाकी काही तपासू नका, आधी हे दुरुस्त करा.

हिशेब सोपा आहे. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला मीटरमागे साधारण १८ मिलिओहम रोध असतो. दोन मीटर तार म्हणजे ३६ मिलिओहम. तीन-चार पॅनेल मिळून १२ अँपिअर ओढत असतील तर त्या एका ग्राउंडच्या तारेवरच सुमारे ०.४३ व्होल्ट पडतात. म्हणजे पॅनेलचं ग्राउंड कंट्रोलरच्या ग्राउंडपेक्षा तेवढं वर उचललं जातं, आणि कंट्रोलरने पाठवलेले ३.३ व्होल्ट पॅनेलला २.८७ च वाटतात. ‘टेबलावर चालत होतं, भिंतीवर लावल्यावर बिघडलं’ यामागे बहुधा हेच असतं. टेबलावर तारा हातभर होत्या.

याची एक खूण मीटरशिवायही कळते. मजकूर थोडा असताना ठीक आणि पाटी भरून पेटली की कचरा, किंवा उजेड कमी केला की आपोआप सुधारणा, असं होत असेल तर गाडी सप्लाय आणि ग्राउंडपाशीच अडली आहे.

आणखी एक खूण: एफआरसी केबल हाताला कोमट लागते. सिग्नलच्या केबलने गरम व्हायचं काहीच कारण नाही. ती गरम होत असेल तर पॅनेलच्या जाड ग्राउंड तारेचा स्क्रू किंवा लग ढिला आहे, आणि अँपिअरमधला करंट त्या केसाएवढ्या तारांमधून परत जातोय. असं दिसलं की ताबडतोब बंद करा. इथे बफर जळतातच, कनेक्टरही वितळतात.

उपाय करायचा तर प्रत्येक पॅनेलला, फार तर दोन पॅनेलला मिळून, सप्लायपासून स्वतंत्र जोडी द्या. एका पॅनेलवरून दुसऱ्यावर अशी तारांची माळ नको. तार किमान दीड चौरस मिलिमीटरची, टोकाला लग (स्क्रूखाली बसणारं धातूचं टोक) दाबलेला. दोन एसएमपीएस असतील तर त्यांची ग्राउंड टोकं जाड तारेने एकमेकांना जोडा, पण ५ व्होल्टची टोकं एकत्र करू नका. कंट्रोलरचा सप्लाय पहिल्या पॅनेलच्या टोकांवरूनच घ्या, म्हणजे दोघांचं ग्राउंड एकाच ठिकाणी राहील. आणि हो, एसएमपीएसच्या ज्या बाजूला २३० व्होल्ट येतात ती टोकं उघडी ठेवून वरच्या मापांच्या भानगडीत पडू नका.

३.३ व्होल्टचा प्रश्न

ग्राउंड ठीक आहे आणि पहिल्याच पॅनेलवर गडबड आहे, तर आता पातळी पाहू.

एचसी मालिकेच्या आयसीला ‘१’ खात्रीने ओळखायला सप्लायच्या ७० टक्के व्होल्टेज लागतं. ५ व्होल्टवर ते ३.५ व्होल्ट होतं. ईएसपी३२ जास्तीत जास्त ३.३ देतो. कागदावर हे जमतच नाही. तरीही बऱ्याच लोकांचं चालतं, कारण प्रत्यक्षातला उंबरठा सप्लायच्या निम्म्यावर, २.५ च्या आसपास असतो. आडात आहे थोडंसं, पोहऱ्यात येतं त्याहून थोडं. मग ग्राउंड ०.४ ने उचललं गेलं, केबल फूटभर लांब झाली, किंवा पॅनेलची पुढची खेप वेगळ्या बनावटीच्या आयसींची आली की तोच बोर्ड फडफडायला लागतो. ‘माझं तर बिना-बफर चालतंय’ हे उत्तर खरं असलं तरी विकायच्या बोर्डसाठी मी ते ऐकणार नाही.

एचसीटी मालिका याच अडचणीसाठी आहे. सप्लाय ५ व्होल्टच, पण ‘१’ साठी २.० व्होल्ट पुरतात आणि ०.८ च्या खाली ‘०’. ३.३ व्होल्टचा सिग्नल यात आरामात बसतो आणि बाहेर पूर्ण ५ व्होल्ट पडतात. तेव्हा कंट्रोलर आणि पहिल्या पॅनेलच्या मध्ये एक एचसीटी बफर टाका.

कोणता? लोक सर्रास ७४एचसीटी२४५ घेतात, कारण तो सगळीकडे मिळतो. मी ७४एचसीटी५४१ सुचवीन. २४५ दुतर्फा आहे, दिशा पिन १ वर ठरते. ती ५ व्होल्टला बांधली तर पिन २ ते ९ आत, १८ ते ११ बाहेर. चुकून ग्राउंडला गेली तर चिप उलट्या दिशेने ५ व्होल्ट ईएसपीच्या पिनांवर ढकलते. ५४१ मध्ये पिनांची मांडणी तशीच, पण दिशेची पिनच नाही: १ आणि १९ दोन्ही ग्राउंडला, २० ला ५ व्होल्ट, १० ला ग्राउंड, संपलं. २४४ सुद्धा चालतो, फक्त त्याच्या आत-बाहेरच्या पिना दोन्ही बाजूंना गुंफलेल्या असल्याने वेरोबोर्डवर तारांचा गुंता होतो. १२५ मध्ये चारच वाहिन्या आहेत, आपल्याला सहा लागतात.

जोडताना तीन गोष्टी विसरल्या जातात. चिपच्या सप्लाय पिनांना अगदी लागून १०४ चा कपॅसिटर, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. न वापरलेल्या आत येणाऱ्या पिना ग्राउंडला, कारण सीमॉस जातीच्या या चिपांची उघडी पिन हवेतला गोंगाट उचलते आणि चिप उगाच करंट खाते. आणि ओईच्या तारेवर १० किलोओहम ग्राउंडला. ईएसपी चालू होताना त्याच्या पिना क्षणभर अधांतरी असतात, आणि पी१० चा ओई वर गेला की पेटतो. सुरुवातीला बोर्डवर जो पांढरा-लाल झटका दिसतो तो यामुळे.

एक सावधगिरीची सूचना बाजारातल्या ‘लेव्हल शिफ्टर’ मॉड्यूलबद्दल. बीएसएस१३८ मॉसफेट आणि १० किलोओहमचे रेझिस्टर असलेली चार वाहिन्यांची ती छोटी पट्टी आयटूसी या संथ, दोन तारांच्या जोडणीसाठी बनवलेली आहे. तिच्यात सिग्नल वर जातो तो फक्त त्या रेझिस्टरमधून. केबलची धारिता (कपॅसिटन्स) ५० पिकोफॅरड धरली तरी १० किलोओहमशी गुणून अर्धा मायक्रोसेकंद होतो. ४ मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा अर्धा ठोका असतो १२५ नॅनोसेकंदांचा. सिग्नल वर पोहोचायच्या आत खाली यायची वेळ झालेली असते. टीएक्सएस०१०८ई ची मॉड्यूलही लांब केबलच्या धारितेपुढे गोंधळतात. पी१० साठी दोन्ही नकोत.

एचसीटी म्हणून एचसी मिळाला तर

हेही घडतं. मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार लॅमिंग्टन रोड असो वा ऑनलाइन, पुन्हा छपाई केलेल्या चिपा मिळतात. अक्षरांवर विश्वास ठेवायची गरज नाही, तपासणी सोपी आहे. चिपला ५ व्होल्ट द्या, १० किलोओहमच्या पॉटच्या (फिरवायच्या रेझिस्टरच्या; बाहेरचे दोन पाय ५ व्होल्ट आणि ग्राउंडला) मधल्या पायातून एका आत येणाऱ्या पिनला व्होल्टेज द्या, बाकीच्या आतल्या पिना ग्राउंडला. पॉट हळूहळू फिरवत बाहेरची पिन पाहा. साधारण १.४ व्होल्टला पलटली तर एचसीटी. २.५ च्या जवळ पलटली तर एचसी, वर काहीही छापलेलं असो. पलटण्याच्या जागी ती थोडी थरथरेल, त्याकडे लक्ष देऊ नका.

बोट लावलं की ठीक होतं

हे लक्षण मला सगळ्यात आवडतं, कारण ते सरळ पत्ता सांगतं. आधी कनेक्टर हलवून पाहा. त्याने फरक पडत असेल तर एफआरसीचं क्रिम्पिंग ढिलं आहे किंवा पिना गंजल्या आहेत. पावसाळा काढलेल्या पाटीत, विशेषतः कोकणपट्टीत, पिनांवर हिरवट थर धरलेला सापडतो. केबल नवी घाला, घासत बसू नका.

कनेक्टर हलवून काही होत नाही, पण क्लॉकच्या पिनवर कोरडं बोट टेकवलं की मजकूर जागेवर येतो, तर क्लॉकच्या कडेचा दोष आहे. एचसी बफरची कड सुमारे ६ नॅनोसेकंदांत वर जाते. केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे ५ नॅनोसेकंद लागतात. केबल अर्ध्या-पाऊण मीटरपेक्षा लांब झाली की टोकावरून परतलेला सिग्नल मूळ कडेत मिसळतो, कडेला कंगोरे पडतात आणि शिफ्ट रजिस्टर एका ठोक्याचे दोन मोजतो. मजकूर एका खांबाने सरकतो तो त्या जादा ठोक्यामुळे. बोटाची धारिता कंगोरे बुजवते, एवढीच त्या स्पर्शाची करामत.

इथे बहुतेक जण क्लॉकचा वेग कमी करून पाहतात. जरूर पाहा, पण उत्तर कसं वाचायचं तेही ठरवून घ्या. वेग ४ वरून १ मेगाहर्ट्झ केल्यावर दोष गेला, तर सिग्नल वर जायला वेळ लागत होता: लेव्हल शिफ्टर, खूप लांब केबल, अशक्त ड्राइव्ह. काहीच फरक पडला नाही, तर कडेतच खोट आहे, कारण वेग कमी केला तरी कड तेवढीच तीक्ष्ण राहते. आठ पॅनेलना १ मेगाहर्ट्झ पुरतो: प्रत्येक वेळी १०२४ बिट, म्हणजे चार फेऱ्यांना मिळून सुमारे ४ मिलिसेकंद.

कडेवरचा उपाय म्हणजे ज्या चिपमधून सिग्नल निघतो तिच्या पिनला लागून क्लॉकच्या तारेत ४७ ते ६८ ओहमचा रेझिस्टर. पॅनेलच्या टोकाला नाही, सुरुवातीला. लॅचलाही टाकला तर उत्तम. ‘जास्त ताकदीचा’ म्हणून ७४एसी किंवा ७४एसीटी मालिकेचा बफर घालू नका, त्याची कड आणखी तीक्ष्ण असते आणि रोग बळावतो.

एक वाहिनी मेलेली असेल तर

पाटीवर देवनागरी मजकूर असला की हे निदान इंग्रजीपेक्षा लवकर होतं, कारण शिरोरेषा आडवी आणि सलग असते. एकाआड एक ओळ काळी आणि उरलेल्या ओळींत शिरोरेषेवर अक्षरांचे तुकडे चढलेले दिसले, तर ए ची वाहिनी अडकली. दोन ओळी उजळ आणि दोन काळ्या असं असेल तर बी. त्या पॅनेलपासून पुढे सगळं एकदम काळं: ओई पाहा. मजकुराऐवजी चारही ओळींत एकच न बदलणारी नक्षी उमटली असेल तर क्लॉक किंवा लॅच. पूर्ण पॅनेल लाल पेटलेलं म्हणजे डेटाची तार खाली चिकटली, कारण पी१० मध्ये ‘०’ ला एलईडी पेटतो.

दोष ज्या पॅनेलपासून सुरू होतो त्याच्या २४५ च्या आतल्या आणि बाहेरच्या पिनेवर मीटर लावा. आत हलचाल आहे, बाहेर ठार ० किंवा ५ आहे, तर वाहिनी गेली. हॉट एअरने चिप बदला. दोन २४५ असलेल्या पॅनेलवर काही वाहिन्या रिकाम्या असतात, दिशा जुळत असेल तर बारीक तारेने तिथून वाट काढता येते. गिऱ्हाईक दारात उभं असताना हा जुगाड चालतो.

वाहिन्या मरतात कशाने? बऱ्याचदा यूएसबीवर कंट्रोलर चालू आणि पॅनेलचा सप्लाय बंद, अशा वेळी. एचसी चिपच्या आतल्या पिनेपासून सप्लायकडे एक डायोड असतो. पॅनेल बंद असलं की कंट्रोलरचा सिग्नल त्या डायोडमधून अख्ख्या पॅनेलला खायला घालू लागतो. एसएमपीएस बंद असून पॅनेल मंद लुकलुकतंय असं दिसलं की समजा, कुठला तरी पाय भाजतोय. कोड चढवताना एफआरसी काढून ठेवा, किंवा पॅनेल आधी चालू करा. चालू बोर्डवर केबल ओढण्यानेही हेच होतं, कारण ग्राउंडची पिन आधी सुटेल की सिग्नलची याचा नेम नसतो.

कंट्रोलर लांब ठेवायचा असेल तर

गल्ल्यावर कंट्रोलर आणि दहा मीटरवर पाटी, असा हट्ट असतो. माझं मत: कंट्रोलर पाटीत ठेवा आणि मजकूर वायफायने किंवा आरएस-४८५ (लांब पल्ल्याची तारांची जोडणी) ने पाठवा. सहा वेगवान तारा ओढण्यात अर्थ नाही. तरीही ओढायच्याच असतील तर २४५ किंवा ५४१ चं हे काम नव्हे. तिथे आरएस-४२२ चा लाइन ड्रायव्हर लागतो, एएम२६एलएस३१, आणि पलीकडे एएम२६एलएस३२ रिसीव्हर. प्रत्येक सिग्नल पिळलेल्या जोडीतून उलट-सुलट रूपात जातो, त्यामुळे दोन टोकांच्या ग्राउंडमधला थोडाफार फरक रिसीव्हर पोटात घालतो. एका चिपमध्ये चार वाहिन्या, म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन चिपा. कॅट-५ केबलमध्ये चारच जोड्या असतात, म्हणजे केबलही दोन. क्लॉक, डेटा, लॅच आणि ओई एकाच केबलमध्ये ठेवा, ए आणि बी दुसरीत. प्रत्येक जोडीला रिसीव्हरच्या टोकाशी १०० ओहम. आणि रिसीव्हरच्या पुढे पहिल्या पॅनेलपर्यंतची एफआरसी वीतभरच ठेवा.